जवाईबापूंचं अपडेट

अश्विन इंजिनियर झाला तो कॉलेजात नाही, तुमसर ते बालाघाट या रस्त्यावर. तुमसरात तो एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. आलेला माल मोजून घ्यायचा, खोकी गोदामात रचायची, गिऱ्हाईक आलं की माउस नाहीतर की-बोर्ड काढून दाखवायचा, एवढंच काम. सोयरीक जुळवणाऱ्या काकानं 'पोरगा कॉम्प्युटरच्या लाइनीत हाय' असं सांगितलं, अन् त्यात खोटं काहीच नव्हतं. पण सोयरिकीची गोष्ट म्हणजे पाहुण्यांच्या घरचा रस्सा, जो येईल तो त्यात तांब्याभर पाणी ओततो. कटंगीत पोचेस्तोवर त्याचं 'कॉम्प्युटर दुरुस्त करते' झालं, वारासिवनीच्या एका मावशीनं 'मंग इंजिनियरच असन' म्हणून टाकलं, अन् बालाघाटात होणाऱ्या सासऱ्याच्या, महागूच्या, ओसरीत ती गोष्ट येऊन टेकली तेव्हा पोरगा सरळ इंजिनियर होऊन बसला होता.

अश्विन एक शब्द खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. कोणी इंजिनियर म्हटलं की तो फक्त खाली पाहून हसायचा. लोक म्हणायचे, पाहा बाप्पा, एवढा शिकला पण घमंड नाही!

बायकोला, म्हणजे नूतनला, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं. ती पोट धरधरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मले काही फरक नाही पडत. पन बाबाले सांगू नका. बाबा साऱ्या वार्डात 'माहा जवाई इंजिनियर' करत फिरून राह्यले. त्यायचं नाक कापलं जाईन."

तर हे असं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, अन् ती मूठ आता अश्विनच्या एकट्याची राहिली नव्हती. सासऱ्याचं नाकही तिच्यातच होतं.

दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई भरते. ऊस, शिंगाडे, पाळणे, दंडारीचा नाच, अन् घराघरात लेकी-जावयांचं पाहुणपण. पहिल्या मंडईला जावई आला नाही तर सासऱ्यानं गावात तोंड दाखवू नये, असा रिवाज. अश्विन अन् नूतन बसमधून उतरले तेव्हा महागू स्टँडवर अर्ध्या तासापासून उभा होता. उन्हात उभा राहून लाल झाला होता, पण जावयाला पाहून असा फुलला की विचारू नका.

महागू नहरावर नोकरी करून रिटायर झालेला माणूस. नहराच्या या टोकाला उभा राहून त्यानं आवाज दिला की त्या टोकाला चोरून पाणी घेणारा फावडं टाकून पळायचा. नोकरी सुटली तरी आवाज सुटला नाही. आता नहर नव्हता, म्हणून तो विमलाबाईंवर, म्हणजे बायकोवर, वापरला जायचा. चहात साखर कमी, विमला! चष्मा सापडत नाही, विमला! लाइट गेली, विमला! जणू विजेची डीपी विमलाबाईंच्या पदरात बांधलेली होती. जावयासमोर मात्र महागूचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा. लग्नात ज्याचे पाय धुतले त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. बापानं शिकवलेलं तेवढं एकच त्याच्या ध्यानात राहिलं होतं.

घरी आल्याबरोबर पाय धुणं झालं, चहा झाला, चिवडा झाला, अन् महागू हात चोळत म्हणाला, "जवाईबापू, एक जिन्नस तुमच्यासाठीच ठेवला हाय."

अश्विनला वाटलं, शर्टपीस असेल. निघाला कॉम्प्युटर.

नूतनच्या कॉलेजासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर होता. वर भरतकाम केलेला रुमाल, त्यावर कापडाचा मोर. महागूनं रुमाल असा उचलला की जणू नवरीचा घुंगट. बटन दाबलं. पडद्यावर निळा रंग आला, पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागले, अन् इंग्रजीत लिहून आलं की अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका.

"रोज असंच," महागू म्हणाला. "सकाळी चालू करतो. माही आंघोळ होते, पूजा होते, दोन चहा होतात, तरी हा आपला केलेलं काम उलटं करत बसते. मंग चालू होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाटक. दुकानवाला आलता पाहाले. मी हात लावू नाही देला. मनलं, घरी इंजिनियर असताना बाहेरचा काहून?"

अश्विनच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाली पाहून हसला. दुसरं त्याला येतच काय होतं?

"होऊन जाईन, मामाजी," तो म्हणाला.

"आयकलं का?" महागूनं दाराकडे पाहून म्हटलं, अन् दारात शेजारचा गजेंद्र उभा होता.

हा गजेंद्र म्हणजे महागूच्या जन्माला पुजलेला माणूस. दोघं एकाच शाळेत नापास झाले, एकाच नहरावर लागले, एकाच साली रिटायर झाले. आता स्पर्धेला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे जावई. गजेंद्रचा जावई कान्हाच्या जंगलात पाहुण्यांना जिप्सीतून वाघ दाखवायचा. वाघाला तोड म्हणून महागूला इंजिनियर मिळाला, तेव्हापासून त्याला रात्री झोप बरी लागत होती.

"हौ का?" गजेंद्र आत येऊन पलंगावर बसला. "मंग पाहूनच जातो. आमच्या जवायानं तं परवा जंगलात, समोर वाघीण बसली असताना, जिप्सीचं चाक बदललं. हे तं घरातलंच काम हाय."

अश्विन 'जरा बाथरूमले जाऊन येतो' म्हणून मागच्या अंगणात गेला अन् पेरूच्या झाडाखाली उभा राहून त्यानं मोहितला फोन लावला. मोहित दुकानातला खरा कारागीर. खोकी अश्विन उचलायचा, अन् खोक्यातलं मोहित जाणायचा.

"अपडेट फेल हो रहा है?" मोहित तिकडून म्हणाला. "तो तू क्यों देख रहा है बे? तू तो माउस बेचता है."

"अबे, धीरे बोल! इथं मी इंजिनियर हाय."

मोहित इतका हसला की अश्विननं फोन कानापासून लांब धरला. पण दोस्त चांगला. हसून झाल्यावर म्हणाला, "पहले जगह देख. ड्राइव्ह फुल होगा तो अपडेट बैठेगा कहाँ? फिर प्रिंटर-विंटर सब निकाल दे. नेट चालू रख. और एक बार लगा दिया तो हाथ मत लगाना. बीच में बंद हुआ, कि गया. सब उलटा."

जागा पाहिली तर ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला. काय होतं त्यात? अश्विन-नूतनच्या लग्नाचा व्हिडिओ. एकदा नाही, जिकडे पाहावं तिकडे. 'शादी', 'शादी कॉपी', 'शादी कॉपीची कॉपी'. अश्विननं विचारलं तेव्हा महागूनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पाहुणे आले की दाखवतो ना. पन दर वेळी नवी कॉपी काढतो. तेच तेच पाह्यलं तं मूळ झिजून जाईन. आमच्या टायमाले कॅसेटी अशाच झिजल्या."

गजेंद्रनं मान डोलावली. त्यालाही हे बरोबर वाटलं. अश्विननं मूळ व्हिडिओ ठेवला अन् बाकीची लग्नं एकेक करून पुसली. दर वेळी महागू 'मूळ तं राह्यलं ना?' विचारायचा अन् अश्विन 'हौ जी' म्हणायचा. स्वतःचंच लग्न एवढ्या वेळा मोडायची पाळी फार थोड्या नवऱ्यांवर येत असेल.

जागा झाली. नूतनच्या मोबाइलवरून नेट घेतलं. नूतन मोबाइल घेऊन मैत्रिणीकडे गेली तसं नेटही तिच्या मागे मैत्रिणीकडे गेलं, पण ते समजल्यावर तिला हाक मारून परत आणलं. मग अपडेट उतरलं, कॉम्प्युटर एकदा बंद होऊन आपोआप चालू झाला, अन् पडद्यावर आकडा चढायला लागला. अश्विनच्या छातीत हत्तीचं बळ आलं. अरे, हे तर जमतंय की आपल्याला!

तेवढ्यात विमलाबाई दारात आल्या. "जवाईबापू, पान वाढलं."

आता सासुरवाडीचं जेवण म्हणजे काय, हे ज्याला माहीत त्याला माहीत. टम्म फुगलेल्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, मटणाचा रस्सा, उडदाचे वडे, वरून भात. जावयानं 'बस' म्हटलं की वाढणाऱ्यानं ते 'आणखी' असं ऐकायचं. समोर महागू बसलेला, बाजूला नूतन आग्रह करणारी, अन् विमलाबाई मधूनच 'आलेच जी' म्हणून आत जाणाऱ्या. तास गेला. अश्विन पोटावर हात ठेवून कसाबसा उठला अन् खोलीत आला, तर पडदा काळा. बटन दाबलं. निळा रंग, गोल ठिपके, अन् तेच. पूर्ण करता आलं नाही, बदल मागे घेत आहोत.

"लाइट गेली असन," महागू म्हणाला. "आमच्या इथं जाते."

"असन," गजेंद्र म्हणाला. तो घरी जेवून पुन्हा आला होता. सिनेमाचं मध्यंतर झाल्यासारखा येऊन आपल्या जागेवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विननं चहाच्या आधीच कॉम्प्युटर लावला. आकडा अर्ध्याच्या वर गेला, अन् विमलाबाईंनी आंघोळीचं पाणी काढलं. जावयाची आंघोळ म्हणजेही अर्धा सोहळाच. उटणं, तेल, घंगाळभर गरम पाणी, 'पाठ चोळाले नूतनच्या बाबाले पाठवू का?' आंघोळ करून आला तर पडदा काळा. पुन्हा लावला. मग महागू त्याला वार्डातल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायला घेऊन गेला. परत आला तर पडदा काळा.

अश्विन आता आतून पार खचला. त्याला वाटलं, कॉम्प्युटरलाही कळलं असेल, आपल्याला हात लावणारा हा खोटा इंजिनियर आहे म्हणून. पेरूखाली जाऊन त्यानं मोहितला पुन्हा विचारलं. मोहित म्हणाला, "ऐसा हो ही नहीं सकता. कोई बंद कर रहा है, देख." अश्विन चिडला. "अबे, या घरात माह्या शब्दाबाहेर कोनी नाही. जवाई हाय मी!"

महागूचं तोंड मात्र उतरत चाललं होतं. जावयाला तो काही म्हणत नव्हता, उलट गजेंद्रपुढे त्याची बाजू अशी लावून धरायचा की अश्विनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "मोठं अपडेट हाय," महागू सांगायचा. "हे का जिप्सीचं चाक हाय, खोललं अन् बसवलं? ते तिकडून, परदेशातून येते. टाइम लागतेच."

"लागते ना," गजेंद्र म्हणायचा. "वाघीन बी टाइम घेते. पन दिसते आखरी."

दुपारी मंडईला निघायच्या आधीचं जेवण, आज गजेंद्रही पंक्तीला. कॉम्प्युटर पुन्हा लावलेला, आकडा चढतोय, अन् अश्विन पाटावर बसलाय पण जीव सगळा त्या खोलीत. अर्धं जेवण झालं अन् आत टेबलावर राहिलेला त्याचा फोन वाजायला लागला. मोहितचाच असणार. जावयानं अर्ध्या पानावरून उठणं म्हणजे अपशकुन, पण अश्विन उठला. महागू 'अजी, अजी' करेस्तोवर तो रश्शानं भरलेला हात तसाच वर धरून खोलीत पोचला.

खोलीत विमलाबाई होत्या. भिंतीवरच्या बोर्डापाशी उभ्या. त्यांनी कॉम्प्युटरचं बटन खट्‌कन बंद केलं, लाइट गेल्यासारखं वाटावं म्हणून लगेच पुन्हा चालू केलं, पदरानं हात पुसला, वळल्या, अन् समोर जावई.

"माय वं!" त्या एवढंच म्हणाल्या अन् डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

फोन वाजून वाजून बंद झाला.

"मामीजी, तुमी बंद करता?"

"जवाईबापू," विमलाबाई अगदी हळू बोलत होत्या. "तुमी पहिल्या मंडईले आले. पाहुणपन करायचं सोडून नूतनच्या बाबानं तुमाले कामाले जुंपलं. उद्या शेजारपाजारचे म्हनतीन, पोरगी देली अन् जवाई राबवून घेतला. मले बरं नाही वाटे. म्हून मी बंद करत होती. मनलं, बंद दिसला तं तुमी आराम करान, लेटान जरासे. पन तुमी पुन्हा लावतच गेले. मंग मी पुन्हा बंद करो."

"पन लिहून येते ना त्याच्यावर, बंद करू नका म्हून."

"मले का इंग्रजी येते?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "त्याच्यानं बिघडते का? मले मालूम नव्हतं जी. यायले सांगू नोका. गजेंद्रभाऊजी बसले हायेत तिथं. साऱ्यायच्या समोर चिल्लावतीन मले."

आता अश्विनची गंमत पाहा. पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल? आनंद! म्हणजे चूक आपली नव्हतीच. आपण लावलेलं अपडेट बरोबर होतं, अगदी खऱ्या इंजिनियरनं लावावं तसं. आता बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं, 'मामाजी, मामीजी बटन बंद करत होत्या', की झालं. मूठ झाकलेली राहील, गजेंद्रचं तोंड बंद होईल, महागूचं नाक तुमसरापर्यंत वर जाईल. एकच वाक्य. ते त्याच्या जिभेवर येऊनही बसलं होतं.

तेवढ्यात मागून महागू आला, त्याच्या मागे गजेंद्र, त्याच्या मागे नूतन.

"काय झालं जी? पान सोडून आले?" महागूनं विचारलं, अन् काळ्या पडद्याकडे पाहून कपाळावर हात मारला. "पुन्हा लाइट गेली!"

"कुठं गेली?" गजेंद्र वर पाहत म्हणाला. "फॅन तं फिरून राह्यला."

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा मोठ्या निवांतपणे फिरत होता. महागूनं पंख्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग बोर्डापाशी उभ्या असलेल्या बायकोकडे. त्याची मान फुगायला लागली. नहराच्या त्या टोकाला फावडं दिसलं की फुगायची तशीच.

"कोनं बंद केला?" त्यानं विचारलं. "विमला, तू हात..."

"मी केला," अश्विन म्हणाला.

"तुमी?"

"हौ जी. मीच बंद करत होतो दर वेळी. मले येत नाही ते. अपडेट होऊन चालू नाही झाला तं साऱ्यायले समजन, म्हून मधातच बंद करो." एवढं खोटं एका दमात बोलून झाल्यावर अश्विनला वाटलं, आता खरंही बोलून टाकावं, पुन्हा कोण एवढा धीर गोळा करणार! "मी इंजिनियर नाही, मामाजी. कॉम्प्युटरच्या दुकानात माल मोजतो. खोके उचलतो. माउस विकतो."

नूतननं ओढणी तोंडावर धरली. गजेंद्रच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू वाघीण आपल्या बछड्यांसकट त्याच्या दारात येऊन बसली. विमलाबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं.

महागूनं अश्विनच्या हाताकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. मान हळूहळू उतरली. मग त्यानं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

"हात धुवा जी," तो म्हणाला. "मंडईले उशीर होऊन राह्यला."

निघायच्या आधी अश्विननं फोन पाहिला. मोहितनं लिहिलं होतं, 'लगा के सबको घर से बाहर निकाल, ताला मार.' आता गमावण्यासारखं उरलंच काय होतं? त्यानं कॉम्प्युटर पुन्हा लावला, आकडा चढायला लागलेला पाहिला, अन् सगळे बाहेर पडल्यावर महागूनं दाराला कुलूप घातलं.

मंडईत अश्विनला काही गोड लागलं नाही. महागू पुढे पुढे चालत होता, मागे वळूनही पाहत नव्हता. गजेंद्र मात्र प्रत्येक ठेल्यावर थांबत होता. पानाच्या ठेल्यावर अश्विन दुकानातला नोकर होता, शिंगाडेवालीपाशी पोचेस्तोवर हमाल झाला, अन् पाळण्यापाशी कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालं, "हाच का तो, गोदामाचा चौकीदार?" दंडार रंगात आली होती, साडी नेसलेला नाच्या कमरेत लचकत होता, लोक शिट्या मारत होते, अन् अश्विनला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता कटंगीची बस धरावी.

"तुमी काहून बोलले?" नूतननं त्याला बाजूला ओढून विचारलं. "अन् बंद तं तुमी करतच नव्हते. मी सोबतच होती ना जेवाले."

अश्विननं तिला खरं सांगितलं. तिनं त्याच्या हातातला ऊस घेतला, दातानं सोलला, अन् पहिली कांडी त्यालाच दिली.

ऊन उतरल्यावर सगळे परत आले. गजेंद्रही सोबत आला. एवढा तमाशा पाहिल्यावर शेवट सोडून घरी जाणारा तो माणूस नव्हता. महागूनं कुलूप काढलं. खोलीत पाऊल टाकलं तर पडद्यावर ना निळा रंग, ना ठिपके. हिरव्या डोंगराचं एक चित्र होतं अन् कोपऱ्यात लिहून आलं होतं, तुमचा कॉम्प्युटर अपडेट झाला आहे.

"झाला!" नूतन ओरडली.

"अरे वा!" गजेंद्र म्हणाला. "इंजिनियर नसून झाला?"

महागू खुर्चीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. अश्विनला वाटलं, आता येतं ते. जे दुपारी आलं नाही ते आता येतं. त्यानं मान खाली घातली, अन् या वेळी तो हसला नाही.

"घरात हात लावाले कोनी नव्हतं म्हून झाला," महागू म्हणाला. "गजेंद्र, तू साऱ्या मंडईत सांगून आला ना, आता हे बी सांगून ये. बटन जवायानं बंद नव्हतं केलं. यायचा हात पुरा रश्शानं भरलेला होता. त्या हातानं बटन दाबलं असतं तं बोर्ड तेलकट झाला असता. बोर्ड कोरा होता. माह्या बायकोनं केलतं. मले तवाच समजलं."

विमलाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"अन् यायनं स्वतःवर घेतलं," महागू म्हणाला. त्याला ते बोलणं जड जात होतं. "इंजिनियरकी बी सोडली त्याच्यापायी. कोनासाठी? मी चिल्लावीन म्हून."

गजेंद्रची जिप्सी, वाघीण, चाक, आता काहीच कामाचं नव्हतं.

"तुमाले समजलं होतं?" विमलाबाईंनी विचारलं. त्या पुढे आल्या अन् तांब्या टेबलावर ठेवला. "तवाच समजलं होतं?"

"हौ."

"मंग चिल्लावले काहून नाही?"

महागू टोपीशी चाळा करत राहिला. "जवाई होते ना समोर," तो म्हणाला.

विमलाबाईंनी मान हलवली. "मंग जवाईबापूले इथंच ठेवून घेऊ," त्या म्हणाल्या.

गजेंद्र खो खो हसला. नूतनही हसली. अश्विनही हसायला लागला होता, पण त्यानं मामीजींकडे पाहिलं अन् त्याचं हसू राहून गेलं. त्या हसत नव्हत्या. महागूनंही ते पाहिलं. उठून त्यानं टेबलावरचा तांब्या घेतला, त्यातलं पाणी पेल्यात ओतलं अन् पेला बायकोपुढे धरला.